रिकाम्या विमानांचा हिशेब नवी मुंबईने तरी ठेवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई विमानतळाबद्दल आपल्या दैनिकात जे जे छापून येतं, त्याची कात्रणं मी काढून ठेवतो. मी उलव्याला राहतो. नोकरीची एकतीस वर्षं मुंबई विमानतळावर विमानांत इंधन भरण्यात गेली आणि त्यातली शेवटची बारा वर्षं कलिन्याच्या बाजूला, जिथे खासगी आणि चार्टरची विमानं लागतात तिथे. नव्या विमानतळाच्या आराखड्यात खासगी विमानांसाठी वेगळं टर्मिनल आहे. त्याविषयी अनुभवाचं काही सांगावंसं वाटतं, म्हणून हे पत्र.

आमचं काम लांबून पाहणाऱ्याला पेट्रोल पंपासारखं वाटतं. बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर, नेमून दिलेल्या अंतरावर लावायचा, आधी अर्थिंगची तार जोडायची, मग सिरिंजच्या टोकाला कॅप्सूल बसवून इंधनाचा नमुना ओढायचा. कॅप्सूल पिवळी राहिली तर पाणी नाही. हिरवट झाली तर भरणं तिथेच बंद. भरून झालं की मीटरवरचे लिटर चिठ्ठीवर उतरवायचे आणि पायलटची किंवा इंजिनिअरची सही घ्यायची. अशा हजारो चिठ्ठ्या मी लिहिल्या. बाकीच्या विसरलो, दोन मात्र लक्षात आहेत, कारण त्या एकाच विमानाच्या होत्या.

मध्यम आकाराचं ते जेट एका दुपारी दोन प्रवाशांना घेऊन उतरलं. प्रवासी शहरात गेले, त्यांचं परतणं दुसऱ्या दिवशी होतं. विमानाला मात्र रात्री उभं राहायला मुंबईत जागा मिळाली नाही. मी इंधन भरून दिलं आणि ते अहमदाबादला गेलं. आत दोन पायलट, मागच्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या. दुसऱ्या दिवशी तसंच मोकळं परत आलं आणि पुन्हा माझ्याच बाउझरला लागलं. माझा जोडीदार नळी ओढता ओढता म्हणाला, "हे गेलं कशाला नि आलं कशाला?" विमान कोणाचं होतं ते लिहीत नाही. त्यांच्या एकट्याचा तो दोष नव्हता. जागेअभावी बरेच जण विमान रात्रीपुरतं दुसऱ्या गावी पाठवत.

त्या दिवशी घरी येऊन मी आकडेमोड केली. असं जेट तासाला साधारण हजार लिटर इंधन जाळतं. अहमदाबादला जायला तास, यायला तास, म्हणजे दोन हजार लिटर. एक लिटर विमान इंधन जळलं की सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोन हजार लिटरचे झाले पाच टन. आपल्या देशात माणशी वर्षाकाठी हे प्रमाण दोन टनांच्या आसपास आहे. अडीच माणसांच्या वर्षभराच्या स्वयंपाकाचा, विजेचा, प्रवासाचा धूर एका विमानाला रात्री उभं करायला जागा नाही म्हणून हवेत गेला.

जगभरातलं चित्रही असंच आहे. खासगी विमानांच्या उड्डाणांचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२३ साली या विमानांनी सुमारे १.५६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडला आणि २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के आहे. त्यातली जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली होती. आपल्याकडे हे अंतर लोक रात्रीच्या गाडीने झोपून काटतात. एकूण विमान वाहतुकीत हा वाटा लहान आहे असं या व्यवसायातले लोक सांगतात आणि ते खरं आहे. पण त्या विमानात बसणारी माणसं किती, हेही मग बघायला हवं. प्रवासी विमानाच्या तुलनेत खासगी जेटमधला माणूस पाच ते चौदा पट जास्त प्रदूषण करतो, असा युरोपातल्या अभ्यासकांचा २०२१ चा हिशेब आहे.

मी खासगी विमानांच्या विरोधात नाही. त्यांच्यावर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. एअर ॲम्ब्युलन्सला मध्यरात्री पावसात इंधन भरलं आहे. स्ट्रेचर चढवेपर्यंत डॉक्टर शिडीपाशी सलाइनची बाटली वर धरून भिजत उभे होते, ते मी विसरणार नाही. अशा उड्डाणांना कोणीही एक मिनिट अडवू नये. माझं म्हणणं आहे ते ज्यांच्यात कोणीच बसलेलं नसतं त्या विमानांबद्दल.

इथे नव्या विमानतळाने मोठं भलं होऊ शकतं. उभं राहायला जागा असली तर अहमदाबादच्या फेऱ्या थांबतील. पण एक धोका मला स्पष्ट दिसतो. मालक राहणार मलबार हिलला नाहीतर बांद्र्याला, त्यांना सांताक्रूझ जवळ. विमान रात्री उभं राहणार आमच्याकडे. मग सकाळी ते इथून रिकामं उडून सांताक्रूझला जाईल, माणसं घेईल, आणि रात्री त्यांना तिथे सोडून पुन्हा रिकामं इथे येईल. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. विमान सगळ्यात जास्त इंधन जमिनीवरून उठताना आणि वर चढताना खातं, हे आमच्या खात्यातला नवा पोरगाही सांगेल. या दोन विमानतळांमधली रिकामी ने-आण पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी. ज्याचं विमान इथे उभं आहे, त्याने अटल सेतूवरून गाडीने इथे यावं. जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला तो याच कामासाठी.

हे मी इतकं आग्रहाने लिहितो त्याला घरचंही कारण आहे. माझ्या बायकोचं माहेर कोंबडभुज्याचं. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातलं ते एक. तरघर, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली, सगळीकडे आमचे सोयरे होते. उलव्याची टेकडी उतरवली, उलवे नदीचं पात्र वळवलं. सासऱ्यांनी घर सोडताना देव्हाऱ्याखालची फरशी काढून सोबत घेतली, ती आता आमच्या बाल्कनीत तुळशीखाली आहे. २५ डिसेंबर २०२५ ला पहिलं प्रवासी विमान आलं तेव्हा आम्ही दोघं त्याच बाल्कनीत उभे होतो आणि ती रडली. आनंदही होताच त्यात. गाव दिलं ते हजारो लोकांच्या येण्या-जाण्यासाठी, असं ती सगळ्यांना सांगते. रिकाम्या खुर्च्यांसाठी दिलं, असं तिला कधी म्हणावं लागू नये.

नियम नाहीत असं नाही. खासगी विमानांच्या जागतिक संघटनांनी २००९ मध्येच हवामानाबाबत वचन दिलं आणि २०२१ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वाढीव उत्सर्जनाची भरपाई करायला लावणारी कोर्सिया नावाची योजना आहे, ती २०२७ पासून भारतालाही लागू होते. पण त्या योजनेत वर्षाला दहा हजार टनांपेक्षा कमी उत्सर्जन करणारे सुटतात. माझ्या वरच्याच हिशेबाने दहा हजार टन व्हायला एका कंपनीला मध्यम जेट वर्षात चार हजार तास परदेशी मार्गांवर उडवावं लागेल. दोन-तीन विमानं बाळगणारा तिथवर पोहोचतच नाही. देशातल्या देशातली उड्डाणं तर त्यात येतच नाहीत.

हिरव्या इंधनाचंही तसंच. एसएएफ, म्हणजे कमी कार्बनचं हे विमान इंधन, एक टक्का मिसळण्याचं आपलं उद्दिष्ट २०२७ पासूनचं, तेही आधी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. नव्या विमानतळावर एसएएफ साठवण्याची वेगळी सोय आणि सुमारे ४७ मेगावॉट सौर वीज असेल असं उद्घाटनाच्या वेळी सांगितलं गेलं. मग ते इंधन आधी खासगी टर्मिनलला द्यावं. ते महाग आहे, आणि महाग इंधन परवडणारं गिऱ्हाईक तिथेच येतं.

विजेवरून आठवलं. विमान जमिनीवर उभं असताना आतला एसी आणि दिवे चालवायला शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एपीयू. एका मे महिन्यात पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर ते इंजिन सतत चालू. त्याचा गरम झोत आणि रॉकेलसारखा वास तोंडावर घेत आम्ही उभे. शेवटी शंभराच्या वर लिटर पुन्हा भरावे लागले, विमान जागचं हललेलं नसताना. प्रत्येक उभ्या विमानाला जमिनीवरून वीज मिळाली तर हे इंजिन निघायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सुरू केलं तरी भागतं. टर्मिनल बांधतानाच केबल टाकल्या तर सोपं, नंतर काँक्रीट फोडावं लागेल.

आणि मुख्य मागणी. दर महिन्याला खासगी टर्मिनलवरून किती विमानं उडाली, त्यातली किती रिकामी, आणि किती लिटर इंधन गेलं, एवढे तीन आकडे विमानतळाने जाहीर करावेत. मालकाचं नाव नको, विमानाचा नोंदणी क्रमांक नको. लिटर आणि वेळ इंधनाच्या चिठ्ठीवर असतेच. तिच्यात 'पुढचं ठिकाण' आणि 'प्रवासी संख्या' असे दोन रकाने वाढवावे लागतील. सही करणाऱ्या पायलटला दोन्ही माहीत असतात, भरायला अर्धं मिनिट पुरेल. तशा चिठ्ठीचा नमुना मी हाताने आखून सोबत जोडला आहे. जागा असेल तर तोही छापावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान-इंधन कर्मचारी
उलवे, नवी मुंबई