गरम पाणी तळमजल्यावर पोहोचते का?

महोदय,

कार्बन उत्सर्जनाची चर्चा बहुतेकदा लोकसंख्येपाशीच थांबते. उत्पन्न, घरातली माणसे आणि वीज कशापासून बनते, हे तितकेच निर्णायक आहे. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिना 80 युनिट वापरणाऱ्या पाच जणांच्या घरात माणशी 11 किलो होतात. एसी लावून 400 युनिट वापरणाऱ्या दोघांच्या घरात माणशी 140. पेट्रोलचे लिटरला 2.3 किलो. लिटरला 15 किलोमीटर देणारी मोटार एकट्याने रोज 40 किलोमीटर चालवली, तर 22 दिवसांत 135 किलो!

पुण्यात हाताशी असलेली सुधारणा गरम पाण्याची आहे. 20 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण 0.7 युनिट लागते. सोसायट्यांच्या गच्चीवर पाणी तापवणारे सोलर आहेत, पण पाइपात रात्रभर निवलेले पाणी खालच्या मजल्यांवर आधी बादल्या भरून सोडावे लागते आणि लोक कंटाळून गीझर लावतात. पाइपांना उष्णतारोधक आवरण घालावे, निवलेले पाणी टाकीकडे परत नेणारी लाइन टाकून पहाटे छोटा पंप टायमरवर चालवावा. बोअरच्या पाण्याने सोलरच्या नळ्यांत क्षार धरतात, तेही वेळोवेळी काढावेत. भाड्याच्या घरात खर्च मालकाचा आणि बचत भाडेकरूची, म्हणून कोणीच हलत नाही.

महापालिकेने सोलरसाठी मिळकतकराची सवलत देताना गच्चीवरची टाकी न पाहता तळमजल्यावरचा नळ सोडून पाहावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे