‘तितिक्षे’ची धार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘तितिक्षा’ या शब्दावर आलेला मजकूर वाचला. हल्ली मुलींचे नाव म्हणूनही हा शब्द कानावर पडतो, त्यामुळे त्याचा अर्थ कुणी उलगडून सांगतो आहे याचा आनंद झाला. मात्र लेखात ‘सहन करण्याची इच्छा म्हणजे तितिक्षा’ असे सांगून लगेच आमच्या दुष्काळी माण-खटावच्या माणसांना ‘तितिक्षेच्या मूर्ती’ ठरवून टाकले आहे. अर्थही घसरला आहे आणि कौतुकही, म्हणून हे पत्र.

आधी व्याकरण. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. तितिक्षा त्याच साच्यातली दिसते, त्यामुळे तीही कसली तरी इच्छाच असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण पाणिनीने तिला वेगळे काढले आहे. ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’ या सूत्राने तीन धातूंना जिज्ञासा-पिपासेतलाच ‘सन्’ प्रत्यय लागतो, मात्र इच्छेचा अर्थ न आणता. त्यातून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा हे शब्द होतात. किळस, सोसणे आणि औषधपाणी एका पंगतीला! पाणिनी विनोदी होता असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही, पण ही पंगत पाहून शंका येते.

खरी गंमत ‘तिज्’ या धातूत आहे. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘निशान’ दिला आहे. हे निशाण म्हणजे झेंडा नव्हे, निशान म्हणजे धार लावणे. तीक्ष्ण, तिग्म, तेज ही सगळी त्याचीच भावंडे, आपले तिखटही तीक्ष्णाच्याच घरचे. हाच धातू क्षमेच्या, सहन करण्याच्या अर्थाने वापरायचा झाला की त्याची तितिक्षा होते. म्हणजे सहनशीलतेचा हा शब्द विळा पाजवण्याच्या क्रियेतून आला आहे. धार लावताना पाते झिजते खरे, पण बोथट व्हावे म्हणून कुणी ते घासत नाही.

लेखकाने ‘विवेकचूडामणी’ या वेदान्तग्रंथातल्या व्याख्येचा आधार घेतला आहे: प्रतीकार न करता, चिंता-विलाप न करता सर्व दुःखे सहन करणे म्हणजे तितिक्षा. व्याख्या बरोबर उतरवली आहे, जागा चुकली आहे. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, समाधान ही साधकाची सहा संपत्ती. ज्याने आपण होऊन ती वाट धरली, त्याच्यासाठी हे सांगणे आहे. आमच्या जिल्ह्यात सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे. त्यांचे ‘मना बोलणे नीच सोशीत जावे’ हेही स्वतःच्या मनाला सांगितलेले आहे, टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या बाईला नव्हे.

इकडे डाळिंबाच्या बागांना बहारासाठी ताण देतात. पाणी तोडतात, पाने पिवळी पडून गळतात. हलक्या माळाला ताण लवकर बसतो, भारी काळ्या रानाला वेळ लागतो. मग छाटणी, खत, आणि पहिले बेताचे पाणी देऊन ताण तोडायचा, की फुलकळी निघते. तोडायला उशीर झाला तर काड्या वाळतात. म्हणून ताण देणारा रोज बागेत फिरून झाड बघत असतो. आमच्या सोसण्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी ताण तोडायला कितीजण येतात, हे त्यांनाच विचारावे.

आणि आम्ही नुसते सोसले हेही खरे नाही. १९७२ च्या दुष्काळातल्या बायका आजही ‘सोसलं’ म्हणत नाहीत, ‘दिवस काढले’ म्हणतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी थापल्या, पण काम मागून घेतले. पुढे १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्यामागे सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतली माणसे कृष्णेचे हक्काचे पाणी मागत वर्षानुवर्षे उभी राहिली. चिंता-विलाप त्यांनीही फारसा केला नाही. प्रतीकार मात्र केला.

लेखकाने गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक उद्धृत केला आहे: शीतोष्ण, सुखदुःखे येतात-जातात, ती सहन कर, ‘तांस्तितिक्षस्व भारत’. तो ऐकणारा अर्जुन शस्त्र टाकून बसला होता, आणि सांगणाऱ्याला त्याला उठवायचे होते. त्यानंतर चारच श्लोकांनी, त्याच ‘भारत’ला उद्देशून, ‘तस्माद्युध्यस्व भारत’ असे आहे. पुढच्या रविवारी चौदाव्याच्या जोडीला हा अठरावाही छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
म्हसवड, ता. माण, जि. सातारा