स्नायू पाठ होतात, हाताला लागत नाहीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी शरीररचनाशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी अस्थिरोग विभागातील एका सहकाऱ्याने मला वॉर्डात बोलावले. दंडाचे हाड मोडलेल्या एका रुग्णाचा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने रेडियल नर्व्हचे, म्हणजे मनगट उचलणाऱ्या स्नायूंना चालवणाऱ्या नसेचे, नाव क्षणात सांगितले आणि ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागच्या खाचेतून जाणारा तिचा मार्गही एका दमात म्हणून दाखवला. ती जागा स्वतःच्या दंडावर दाखव, असे सांगताच मात्र त्याचे बोट दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे धमनीचे ठोके लागतात, तिथे जाऊन थांबले. पहिल्या वर्षी माझ्याच विषयात त्याला उत्तम गुण होते.

दोष त्या मुलाचा नव्हे, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. पूर्वी दीड वर्ष चालणारा एमबीबीएसचा पहिला टप्पा 1997 च्या नियमावलीने एका वर्षावर आला. बहुतेक महाविद्यालयांत विच्छेदन हातापासून सुरू होते, म्हणजे मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असतात, चिमटा नीट धरता येत नसतो, नेमके तेव्हाच हाता-पायांचे स्नायू उरकले जातात. व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, ओरिजिन-इन्सर्शन (स्नायू कुठल्या हाडावर सुरू होतो आणि कुठे जोडला जातो) घोकले जाते आणि अस्थिरोग विभागात पाऊल ठेवेपर्यंत ते पुसलेले असते. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात वरच्या वर्गांतील विषयांशी सांगड घालण्याचे सूत्र आहे. मी पाहिले तिथे ते वेळापत्रकापुरतेच राहिले.

हा विषय जिवंत शरीरावरही शिकवावा लागतो. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी दोन ताठ दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे छोटे हाड असते. हातावर पडलेल्या माणसाला तिथे दाबल्यावर दुखले, तर पहिला एक्स-रे निर्दोष दिसला तरी अस्थिभंगाची शंका सोडायची नसते, कारण या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून येतो आणि ते मोडल्यास मनगटाकडचा तुकडा मृत होऊ शकतो. हे ज्याने स्वतःच्या हातावर एकदा चाचपले, त्याला ते पाठ करावे लागत नाही. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, फिब्युला या पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालणारी नसही अशीच बोटाने ओळखायला हवी. घट्ट प्लास्टरच्या दाबानेसुद्धा तिला इजा होऊन पाऊल लुळे पडते. मोबाइलवरील त्रिमितीय चित्रे सुरेख असतात, त्यांना माझा विरोध नाही. पण बोटाखालचा ताण त्यांत लागत नाही.

म्हणून वैद्यकीय शिक्षणाच्या धुरिणांना विनंती आहे की, अस्थिरोग विभागातील नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना दोन दुपारी पुन्हा विच्छेदनगृहात आणावे, शरीररचनाशास्त्राच्या व अस्थिरोगाच्या शिक्षकांनी एकत्र उभे राहून शिकवावे, आणि परीक्षेतील काही गुण केवळ शरीरावर बोट ठेवून दाखवण्याला द्यावेत. यासाठी नवी इमारत वा यंत्र लागत नाही.

आपला विश्वासू,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, पुणे