अडुसष्ट लिंगे, एक सायकल आणि एक वही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या बाळीवेशीत राहणारी, वय ५८. दोन वर्षांपूर्वी नोकरी सुटली आणि दिवस कुठे जातो तेच कळेना. म्हणून सायकल काढली. सोलापूरचे ग्रामदैवत, बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांनी शहरात आणि पंचक्रोशीत स्थापलेली अडुसष्ट शिवलिंगे दर रविवारी थोडी थोडी पाहायची, असा नेम धरला. संक्रांतीच्या वेळी भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच पूज्य काठ्या, तैलाभिषेकाला या लिंगांकडे जातात, ते लहानपणापासून पाहत आले. पण स्वतःच्या पायांनी शोधायला लागल्यावर कळलं, काही लिंगं अगदी घरांच्या भिंतींना चिकटून आहेत. आजवर ४१ झाली. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून साडेपाचलाच निघते. गुडघा आता पूर्वीसारखा कुरकुरत नाही.

लिंगांची यादी फोनवरच्या गुगल कीपमध्ये आहे, पाहिलं की खूण करते. आठवणी मात्र दोनशे पानी वहीतच लिहिते. फोनवर टिपलेलं मी परत वाचत नाही. सिद्धरामेश्वरांची वचनं, म्हणजे त्यांच्या छोट्या भक्तिरचना, कन्नडात आहेत, म्हणून रोज कन्नड अक्षरं गिरवते. २५ मिनिटांचा गजर, मग ५ मिनिटं विश्रांती. शेजारच्या अक्का उच्चार सुधारतात.

एकच विनंती आहे: आपल्या रविवारच्या अंकात दर आठवड्याला एका लिंगाची माहिती आणि तिथं जायची वाट छापा. शाळेतली मुलंही सायकली काढतील.

आपली वाचक,
बाळीवेस, सोलापूर