नेत्यांनाही सुटीचा दिवस हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या नेत्याचे कौतुक आपल्या राजकारणात इतके रुजले आहे की, थकलेल्या माणसाच्या हातून निर्णय चुकतात याकडे कोणी पाहतच नाही. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत आणि सततच्या प्रवास-भाषणांतून विसावा मिळावा, हाही त्यामागचा एक हेतू होता. फाळणीची योजना निश्चित होत असताना, २ जून १९४७ रोजी माउंटबॅटन यांच्या भेटीतही त्यांनी मौन न मोडता लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून संवाद साधला. चर्चिल तर महायुद्धातही दुपारी झोपत. मग आपल्या मंत्र्यांना आठवड्यातून एक दिवस तरी सुटी का नसावी? त्या दिवशी उद्घाटनांची आणि लग्नांची निमंत्रणे घेऊन कार्यकर्त्यांनी (आणि आपणही) त्यांच्या दारी जाऊ नये.

– एक वाचक, पुणे