सुलूस, हर्णैहून

हर्णै, ता. दापोली
१४ सप्टेंबर

प्रिय सुलू,

गौरीच्या रात्री सगळ्या फुगड्या घालत होत्या आणि तू पडवीच्या कोपऱ्यात मोबाईल पालथा ठेवून बसली होतीस. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. परवा तू फोनवर रडलीस, तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही.

कुणाला सांगू, म्हणतेस. वाडीत तू म्हणजे दिल्लीला खासदारांच्या ऑफिसातली मुलगी. रेशनकार्डापासून बोटीच्या डिझेलपर्यंत लोकांचे अर्ज काका तुझ्याकडेच पाठवतात. त्या पीएला हे पक्कं ठाऊक आहे. रात्री अकराला फोन, सगळ्यांदेखत फाईल भिरकावणं आणि मग एकटीला गाठून हात धरणं. तुझी नोकरी साहेबांच्या एका शब्दावर, आणि साहेबांचा कान त्याच्याकडे.

हे तुझ्याच नशिबी आलंय असं समजू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या संसदेतल्या कामाच्या जागांबद्दल तिथल्या तेव्हाच्या लिंगभेदविरोधी आयुक्त केट जेन्किन्स यांनी २०२१ साली अहवाल दिला. तिथल्या पाहणीत दर तिघांतल्या एकाने लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. ब्रिटनमध्ये २०१८ पासून संसदेत अशा तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा आहे. खासदार दोषी ठरला तर त्याची शिक्षा २०२० पासून बाहेरचे तज्ज्ञ ठरवतात, त्याचे सोबती खासदार नाहीत. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ज्याच्या हातात तुझा पगार, त्याच्याच हातात न्याय नको.

आपल्याकडेही कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असली, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ऑफिस दिल्लीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची समिती. साहेबांना विचारायची गरज नाही. तुझं नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. पण मुदत तीन महिन्यांची, शेवटच्या प्रसंगापासून. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात घडलं ना? मग नोव्हेंबर उजाडायच्या आत अर्ज जायला हवा. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवते, पण त्यावर विसंबू नकोस. त्याचे मेसेज पुसू नकोस. तारीख, वेळ, कोण समोर होतं, सगळं वहीत लिही.

सुलू, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पतसंस्थेतली नोकरी मी तब्येतीमुळे सोडली नव्हती. तिथला मॅनेजर असाच होता. मी आईला पाठदुखी सांगितली आणि घरी बसले. परवा बंदरावर लिलावाच्या वेळी माझ्या जागी लागलेली मुलगी भेटली. नुसतं 'कशी आहेस' विचारलं, तर मान खाली घालून निघून गेली. मी तेव्हा बोलले असते तर ती त्या खुर्चीवर एकटी पडली नसती. हे मला आता जन्मभर टोचणार. तिच्या घरी मी उद्या जाते आहे.

अर्ज लिहायला घे, जमेल तसा. मी मंगला एक्सप्रेसचं तिकीट काढते, पुढच्या शनिवारी तुझ्याकडे पोचते. काकांना तू सांगणार की मी, तेवढं कळव.

तुझी,
मंदा