दुरुस्ती अडवली, आता पाडायला निघाले

महोदय,

मुंबईतल्या काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन ही जुनी इमारत पाडण्याची शिफारस झाल्याची बातमी कालच्या अंकात वाचली आणि संताप आला. इमारत दुरुस्तीपलीकडे गेली म्हणे. ती तशी होईपर्यंत सगळे काय करत होते, याबद्दल बातमीत एक ओळही नाही.

मी तिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. पावसाळ्यात पाणी थेट कपाटांवर गळायचे. ब्रिफांचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टेबलांवर रचायचो, तरी वकालतनाम्यांवरची शाई फुटायचीच. शेवटी मजल्यावरच्या भाडेकरूंनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी काढली. परवानगीसाठी एका सरकारी कार्यालयात मी स्वतः खेटे घातले. इमारत हेरिटेज आहे, हात लावता येणार नाही, नकाशे आणा, आर्किटेक्टचा दाखला आणा. दाखला नेला तर तो टेबलावरचा साहेब बदललेला. वर्गणी ज्याची त्याला परत करावी लागली. गच्चीवर डांबराचा थर टाकताना हेरिटेज आड आले, मग अख्खी इमारत पाडताना ते कुठे गेले?

२००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला, तेव्हा भीती खोटी नाही. पण जगभरच्या जुन्या वास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००६ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हिचे नाव घातले होते. निदान तेव्हा तरी काम सुरू व्हायला हवे होते. आणि ही काही नुसत्या विटांच्या भिंतींवर उभी असलेली इमारत नव्हे. लोखंडी खांब, तुळया इंग्लंडात ओतून जहाजाने आणल्या आणि १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडल्या. मागाहून घुसवलेले पोटमाळे आणि पार्टिशने आधी काढा, वजन उतरवा, मग सांगाडा तपासा. गंजलेला भाग बदलता येतो का ते तेव्हा बोला.

ही इमारत वॉटसन हॉटेल होती तेव्हा, १८९६ मध्ये, तिथे झालेल्या ल्युमिए बंधूंच्या चलचित्रांच्या खेळावर आपल्या बातमीदाराने अर्धा रकाना खर्च केला आहे. खेळ महत्त्वाचा खराच, पण नंतर कित्येक दशके तिथे वकिलांच्या कचेऱ्या चालल्या, हायकोर्टात जाणारे किती दावे त्या खोल्यांत टाइप झाले, त्याची दखल नको? शिवाय छापलेले छायाचित्र शेजारच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीचे आहे. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

– एक निवृत्त कारकून, गिरगाव